मांडीवरचे मूल आणि महामार्गाचा वेग

लग्नसराईच्या दिवसांत वाशिम जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहावे, म्हणजे एकच दृश्य पुनःपुन्हा दृष्टीस पडते. पाच आसनांच्या मोटारीत सात-आठ माणसे बसलेली असतात. पुढच्या आसनावर आजोबा आणि त्यांच्या मांडीवर नातू. मागे तीन-चार स्त्रिया आणि त्यांच्या कुशीत, गुडघ्यांशी, मधल्या फटीत दोन-तीन लेकरे. एखादे मूल खिडकीतून हात बाहेर काढून वारा खात असते, तर एखादे पुढच्या दोन आसनांच्या मध्ये उभे राहून रस्ता पाहण्यात रमलेले असते. या दृश्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मूल मायेच्या माणसाच्या मांडीवर आहे, मग त्याला भय कसले, अशी आपली सर्वांचीच समजूत आहे.

बैलगाडीच्या आणि कच्च्या रस्त्याच्या काळात ही समजूत बव्हंशी खरी होती. आज ती खरी राहिलेली नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. कारण ज्या रस्त्यामुळे ती खोटी ठरली, तो रस्ता आता आपल्या दाराशी येऊन पोहोचला आहे.

रस्ता बदलला, सवय तीच राहिली

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा या सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. सोयाबीन, तूर आणि कपाशीवर जगणारा हा भाग मोठ्या शहरांपासून दूर, म्हणून मागे राहिला, असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि जिल्ह्यातील कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव हे तीन तालुके थेट या मार्गावर आले. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पाही सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मोकळा झाला.

हा रस्ता आम्हांला नको आहे, असे कोणी समजू नये. आजारी माणसाला नागपूरच्या रुग्णालयात वेळेवर नेता येणे, मालाला दूरची बाजारपेठ मिळणे, शिकावयास गेलेल्या मुलामुलींना सणासाठी घरी येता येणे, या लहान गोष्टी नव्हेत. परंतु या मार्गावर सपाट प्रदेशात मोटारींना तासाला १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. याचा अर्थ असा की, आपण ‘एक’ हा शब्द उच्चारेपर्यंत मोटार ३३ मीटर पुढे गेलेली असते. गावातल्या रस्त्यावर ३० किंवा ४० च्या वेगाने जाताना जी सवय निभावून गेली, तीच सवय घेऊन आपण या मार्गावर चढतो.

१ जुलै २०२३ रोजी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ भाविकांच्या वाहनाला झालेल्या अपघातात १२ जण दगावले. अशा प्रत्येक प्रसंगानंतर चालकाची डुलकी, टायर, सिमेंटचा रस्ता, वाहनाची बांधणी या सर्वांची चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. मात्र आपल्या स्वतःच्या वाहनात आपले मूल कसे बसले आहे, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच ऐकू येतो.

हातांची ताकद आणि आघाताचे गणित

मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने एखाद्या ट्रकवर आदळली, तर मोटार थांबते. परंतु आत मोकळा बसलेला प्रवासी थांबत नाही. समोरची एखादी कठीण वस्तू अडवीपर्यंत तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा आघात सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिमजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्याइतका असतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणून ताशी १०० च्या वेगाचा अपघात हा ५० च्या अपघाताच्या दुप्पट नव्हे, तर चौपट भयंकर असतो.

आता मांडीवरच्या मुलाचा विचार करू. एक वर्षाच्या बाळाचे वजन साधारणपणे ८ ते १० किलो असते. ५० च्या वेगाने होणाऱ्या धडकेच्या क्षणी त्याला धरून ठेवावयाचे, तर हातांवर दीडशे किलोंहून अधिक भार येतो. सोयाबीनचे तीन भरलेले कट्टे एकाच क्षणी कोणी आपल्या हातांत फेकावेत, तसा हा भार असतो. तो पेलणारे हात कोणाचेही नाहीत. आईचे प्रेम कमी पडते म्हणून मूल निसटत नाही; मनुष्याच्या स्नायूंना तेवढी शक्ती दिलेलीच नाही, म्हणून ते निसटते. शिवाय आईने स्वतः पट्टा लावला नसेल, तर तिच्या शरीराचा सारा भार मुलावर येतो आणि जिच्या कुशीत ते सुरक्षित आहे असे आपण मानले, तिच्याच देहाखाली ते चिरडले जाते. आई आणि मूल दोघांना मिळून एकच पट्टा लावणे हेही याच कारणाने धोक्याचे आहे.

मुलाचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाच्या शरीराची लहान प्रतिकृती नव्हे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि ते जड डोके पेलणारी मान अद्याप कोवळी असते. त्याच्या कमरेचे हाड पक्के झालेले नसल्याने मोठ्यांचा पट्टा हाडावर न टेकता पोटावर सरकतो आणि वरचा भाग गळ्यावर येतो. यासाठीच मुलांकरिता निराळे आसन असते. त्यालाच ‘चाइल्ड सीट’ म्हणतात. ते वाहनाच्या आसनावर पट्ट्याने किंवा खास खुंट्यांनी पक्के बसवावयाचे असते आणि मुलाला त्यात त्याच्याच मापाच्या पट्ट्यांनी बांधावयाचे असते. अशा आसनांच्या योग्य वापराने तान्ह्या बाळांचे अपघाती मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वाशीचा धडा

डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे एक कुटुंब मोटारीने बाहेर पडले होते. ६ वर्षांचा मुलगा पुढच्या आसनावर होता. पुढे धावणारी गाडी दुभाजकावर आदळली आणि तिचा मागचा भाग या मोटारीच्या बॉनेटवर येऊन आपटला. मोटारीतील एअरबॅग उघडल्या. कुटुंबातील इतरांना किरकोळ दुखापती झाल्या. मुलगा मात्र वाचला नाही.

एअरबॅग हे मोठ्या माणसांचे प्राण वाचविणारे साधन आहे, यात शंका नाही. परंतु ती पापणी लवण्याच्या आत, तासाला दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने फुगते आणि पट्टा लावून बसलेल्या प्रौढाच्या छातीचा विचार करून ती बनविलेली असते. तिच्यासमोर बसलेल्या मुलाच्या डोक्यावर व मानेवर तोच आघात प्राणघातक ठरतो. यातून निघणारा नियम साधा आहे: तेरा वर्षांपर्यंतच्या मुलाची जागा मागच्या आसनावर. लाडाने त्याला पुढे घेणे, चालकाने त्याला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरावयास देणे, हे कौतुक जिवावर बेतणारे आहे.

ही केवळ खेड्यातील अज्ञानाची गोष्ट नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मागच्या आसनावरील दोघेही दगावले. त्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे तपासात दिसून आले. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी १६,७१५ जण पट्टा न लावलेले होते, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. मागे बसले की पट्ट्याची गरज नाही, ही समजूत शिकलेल्यांची, न शिकलेल्यांची, सर्वांची आहे.

कायदा आहे, पण ‘अथवा’ या शब्दासह

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेने १९४-ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मूल सुरक्षापट्ट्याने अथवा बालकांसाठीच्या सुरक्षा-साधनाने बांधलेले नसेल, तर वाहन चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंड, असे ते सांगते. महाराष्ट्रात सुधारित दंडाची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पासून सुरू झाली. कलम चांगले आहे. तथापि त्यातील ‘अथवा’ हा शब्द विचार करावयास लावतो. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला, तरी कायद्याचे समाधान होते. मुलाचे संरक्षण मात्र होत नाही.

अंमलबजावणीबद्दल तर बोलावयासच नको. हेल्मेटसाठी व कागदपत्रांसाठी वाहने अडविली जातात. मांडीवरच्या मुलासाठी वाहन अडविल्याचे आमच्या पाहण्यात नाही. केरळात ऑक्टोबर २०२४ मध्ये परिवहन आयुक्तांनी बालआसने सक्तीची करण्याचे जाहीर केले, तेव्हा लोकांत एवढी नाराजी उमटली की, परिवहनमंत्र्यांना तूर्त दंड केला जाणार नाही, असे लगेच सांगावे लागले. लोकांना न पटलेला नियम पोलिसांच्या शिट्टीने टिकत नाही, हेच यातून दिसते.

अमेरिकेतील टेनेसी या राज्याचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ तेथे वर्षानुवर्षे या कायद्यासाठी आमदारांचे उंबरठे झिजवीत होते. १९७७ साली कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. अमेरिकेतील अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा होता. मात्र आमदारांनी त्यात एक पळवाट ठेवली: मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल, तर आसन नसले तरी चालेल. आईच्या हातांइतके सुरक्षित दुसरे काय, असेच त्यांनाही वाटत होते. डॉ. सँडर्स यांनी लढा सोडला नाही. १९८१ साली ती सवलत रद्द झाली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत मुलांच्या आसनांचे कायदे झाले. मांडीवरचा आपला विश्वास हा काही केवळ आपला नाही. तो जगभर होता. ज्यांनी तो सोडला, त्यांची मुले वाचली.

खरी किंमत पैशाची नव्हे, जागेची

आसन महाग आहे, अशी पहिली तक्रार असते. त्याला काही हजार रुपये पडतात आणि तालुक्याच्या बाजारात ते क्वचितच दिसते, हे खरे आहे. पण लाखो रुपयांच्या मोटारीला आपण हौसेने आसनांची कव्हरे घालतो, गाणी वाजविणारे यंत्र बसवितो, हवा तो क्रमांक पैसे मोजून घेतो. नव्या गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, लिंबू-मिरची बांधतात. आमच्याकडेही कुटुंबे नवी गाडी आशीर्वादासाठी घेऊन येतात. आशीर्वाद देण्यास आम्ही कधी नाही म्हणत नाही. यापुढे मात्र आम्ही एक प्रश्न विचारणार आहोत: या गाडीत लेकराची जागा कोणती?

या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण आहे, कारण खरी अडचण पैशाची नसून जागेची आहे. बालआसन बसविले की एका मोठ्या माणसाची जागा जाते. मग लग्नाला मावशी येणार की आत्या, हे ठरवावे लागते. आपल्या कुटुंबव्यवस्थेत असे कोणाला ‘तुम्ही मागून एसटीने या’ म्हणणे सोपे नाही. त्यातून मुलाला प्रवासी म्हणून मोजण्याचीच आपल्याला सवय नाही. एसटीत आणि रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. तिकीट नाही म्हणून जागा नाही आणि जागा नाही म्हणून ते मांडीवर, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडला आहे. ही सवलत गरिबांच्या सोयीसाठी आहे आणि ती असावीच. खासगी मोटारीत मात्र तोच हिशेब आपण सहज लावतो आणि ज्याचे शरीर सर्वांत कोवळे, त्यालाच सर्वांत कमी संरक्षण देतो.

मोटार विकत घेताना आता लोक ‘स्टार’ विचारू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी ३२ आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी ४९ असे स्वतंत्र गुण आहेत. मात्र त्या चाचणीत मुलाच्या आकाराचा पुतळा बालआसनात बांधलेला असतो, हे ध्यानात घ्यावे. मांडीवर बसलेल्या मुलाला त्या पाच ताऱ्यांतील एकही तारा मिळत नाही.

आसन असूनही ते चुकले तर

आसन विकत घेतल्याने काम संपत नाही. अमेरिकेसारख्या देशातही जवळपास निम्मी आसने कोणत्या ना कोणत्या प्रकारे चुकीची वापरली जातात, असे तेथील शासकीय संस्थेचे निरीक्षण आहे. म्हणून पालकांनी पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

जन्मापासून किमान १५ महिन्यांपर्यंत, आणि आसनाच्या मापात बसत असेल तर त्यानंतरही, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला असावे. समोरून धडक बसली, तर आघात मानेवर न येता पाठ, डोके आणि आसन यांत विभागला जातो. अशा रीतीने उलटे ठेवलेले आसन चालू एअरबॅगसमोर, पुढच्या जागेवर, कधीही बसवू नये.

त्यानंतर मूल पुढे तोंड करून, खांदे, कंबर आणि पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यांनी बांधले जावे. तेही आसन लहान पडू लागले की उंची वाढविणारे बूस्टर आसन वापरावे. मोठ्यांचा पट्टा गळ्यावर न येता खांद्यावरून आणि पोटावर न येता कमरेच्या हाडांवरून जाईपर्यंत, म्हणजे उंची साधारणपणे १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत, ते आवश्यक असते.

आसन बसविल्यावर ते तळाशी धरून हलवून पाहावे. दोन-तीन सेंटिमीटरहून अधिक हलत असेल, तर ते सैल आहे. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येत असेल, तर तोही सैल आहे. थंडीत जाड स्वेटर किंवा दुलईवरून पट्टा लावू नये. आधी पट्टा लावावा आणि वरून पांघरूण घालावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीतील पट्ट्याची धातूची कडी चटका देण्याइतकी तापते. मुलाला बसविण्यापूर्वी तिला हात लावून पाहावा. उभ्या, बंद गाडीत मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये. अपघातातून गेलेले किंवा पूर्वइतिहास ठाऊक नसलेले जुने आसन घेऊ नये. नवे घेताना त्यावर भारतीय एआयएस-०७२ किंवा युरोपीय आर-४४ अथवा आर-१२९ या मानकाचा उल्लेख आहे ना, हे पाहावे.

मूल रडेल, पहिले काही दिवस तर रडेलच. लस टोचतानाही ते रडते, म्हणून आपण लस टाळीत नाही.

ज्यांच्याकडे मोटार नाही

आमचे काही वाचक म्हणतील की, वाशिम जिल्ह्यात मोटार असलेली घरे किती? हा आक्षेप रास्त आहे. येथील बहुतेक मुले दुचाकीवर, ऑटोत, काळीपिवळीत आणि यात्रेच्या दिवसांत टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत प्रवास करतात. रामनवमीला पोहरादेवीकडे निघालेली वाहने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

दुचाकीबाबत केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी नियम जाहीर केले. त्यांनुसार ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट असावे, तसेच वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट कायद्यानेच आवश्यक आहे. घरात वडिलांसाठी एक हेल्मेट आणि मुलासाठी काहीच नाही, असे असेल, तर ते आधी बदलावे. सामायिक वाहनात मुलाला पुढे, चालकाच्या बाजूला बसवू नये. मागे, आतल्या बाजूस बसवावे आणि पट्टा असेल तर तो लावावा. माणसे कोंबलेल्या वाहनात चढण्यापेक्षा पुढच्या वाहनाची वाट पाहावी. ट्रॉली ही मालासाठी असते, माणसांसाठी नव्हे. मुलांसाठी तर नव्हेच.

शासनाकडूनही काही अपेक्षा ठेवाव्या लागतील. प्रसूतीनंतर आई व बाळाला घरी सोडण्याची विनामूल्य सोय २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. बाळाचा पहिला प्रवासच शासनाच्या वाहनातून होतो. त्या वाहनात बाळासाठी आसन असले आणि परिचारिकेने पाच मिनिटे ते आईला समजावून दिले, तर एका पिढीची सवय बदलावयास तेथूनच प्रारंभ होईल. महिला बचत गट, शाळा आणि ग्रामपंचायती यांना चांगल्या स्थितीतील आसने नोंद ठेवून, अल्प भाड्याने देता येतील. कारण तान्ह्या बाळाचे आसन एका मुलाला फार तर वर्ष-दीड वर्ष पुरते. समृद्धी महामार्गाच्या प्रवेशनाक्यांवर टायर तपासले जातात. तेथे मागच्या आसनावर एक नजर टाकणेही अवघड नाही.

तोपर्यंत जे करावयाचे, ते घरातल्या मोठ्या माणसांच्या हाती आहे. पुढच्या लग्नाला निघताना गाडीत कोण कोठे बसणार, हे ठरविण्याची सुरुवात आजवर आजोबांपासून होत आली. ती यापुढे घरातल्या सर्वांत लहान प्रवाशापासून व्हावी, आणि तसे आजोबांनीच सांगावे. नातवाला मांडीवरून उतरवून त्याच्या आसनात बसविताना त्यांना क्षणभर वाईट वाटेल. पण गाडी मुक्कामी पोहोचल्यावर त्याला पुन्हा मांडीवर घेता येईल.